स्टोइकांची छपरी

ज्याच्या घरापुढे छपरी नाही त्याने ग्रीक तत्त्वज्ञानाच्या नादी लागू नये, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. आणि ज्याच्या शेजाऱ्याच्या घरापुढे छपरी आहे त्याने तर मुळीच लागू नये.

माझे शेजारी भैय्यालाल बिसेन यांच्या घरापुढे छपरी होती. आमगावात छपऱ्या काही कमी नाहीत, पण भैय्यालालची छपरी म्हणजे गावाचे दुसरे स्टेशनच. धानाचा भाव काय फुटला, कोणाच्या पोरीला कुठले स्थळ आले, भंडाऱ्याच्या कचेरीत कोणाचा अर्ज अडला, आपण मुंबई राज्यात जाणार की मध्य प्रदेशातच राहणार, सगळ्याचा निकाल तिथे लागायचा. पोस्टमन आळीतली सगळी पत्रे तिथेच टाकून पुढे जायचा. माझीसुद्धा! मी शालीकराम मेंढे, मॅट्रिक पास, नॉर्मल स्कूलची सनद घेतलेला, मिडल स्कूलचा असिस्टंट मास्तर. पण माझ्या मेहुण्याला मुलगा झाला हे मला भैय्यालालच्या छपरीतून कळले. पोस्टकार्ड माझ्या हाती आले तेव्हा सहा जणांनी ते वाचलेले होते आणि बाळाचे नाव काय ठेवावे यावर त्यांच्यात दोन तट पडले होते.

बरे, भैय्यालाल करायचे काय? काही नाही. वीस एकर धान, एक बैलजोडी. बायको वारून पाच वर्षे झालेली, एकुलती मुलगी देवरीला दिलेली. संध्याकाळी छपरीत बसून ते सुपारी कातरायचे. कोणी म्हणाले, "धानावर करपा पडला," की म्हणायचे, "होऊन जाते जी." कोणी म्हणाले, "पोरगा पास झाला," की म्हणायचे, "बरं झालं जी." एवढ्या दोन वाक्यांच्या भांडवलावर माणूस गावात मोठा होतो, आणि मला भूमिती, भूगोल, थोडेसे संस्कृत येत असून माझ्या दारी संध्याकाळी कुत्रे फिरकत नसे. सभ्य भाषेत याला खंत म्हणतात. मी सभ्यपणा बाजूला ठेवून सांगतो, तो मत्सर होता. बारा वर्षांचा, दोन वेळा खाऊनपिऊन पोसलेला मत्सर.

त्या साली, म्हणजे पंचावन्न साली, शाळा खात्याचा हुकूम आला की प्रत्येक मास्तराने लोकशिक्षणासाठी एकेक जाहीर व्याख्यान द्यावे. इतर मास्तरांनी साक्षरता, कंपोस्ट खत, देवीची लस असे सोपे विषय पटापट उचलले. माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तक होते. सत्तेचाळीसनंतर गोंदियाचे एक रेल्वेतले गोरे साहेब विलायतेला गेले, तेव्हा त्यांच्या रद्दीतून मी ते आणले होते. पुस्तकाचे नाव आणि लेखकाचे नाव वाळवीने खाल्ले होते. विचार तेवढे शिल्लक होते. मोठा मान आहे हा. किती पुस्तकांच्या बाबतीत वाळवी उलटे करते!

ते पुस्तक स्टोइक नावाच्या ग्रीक पंथाविषयी होते. एका व्यापाऱ्याचे जहाज बुडाले, सगळा माल गेला, आणि तो गृहस्थ रडत बसण्याऐवजी अथेन्स शहरात तत्त्वज्ञान शिकायला लागला आणि पुढे शिकवायला लागला. या पंथात पुढे गुलामही झाले आणि बादशहाही झाला, आणि दोघे एकच गोष्ट सांगत होते. जगात काही गोष्टी आपल्या हातात असतात आणि काही नसतात. आपले मत, आपली इच्छा, आपले वागणे हे हातात. धन, कीर्ती, पाऊसपाणी, शेजारी हे हातात नाही. जे हातात नाही त्याच्यासाठी जीव जाळू नये.

हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी माझा नि भैय्यालालचा प्रश्न सोडवून ठेवला होता! मी त्याच क्षणी मत्सर सोडला. पण पान उलटले तर पुढे लिहिलेले की ही मंडळी ज्या जागी बसून शिकवीत त्या जागेवरूनच पंथाला नाव पडले. आणि ती जागा म्हणजे काय? पुढे खांब, वर छप्पर, समोरून उघडी. म्हणजे छपरी!

मी पुस्तक मिटले. सोडलेला मत्सर उंबऱ्यावरच थांबला होता. मी त्याला सन्मानाने आत घेतले. छपरीवाचून स्टोइक होताच येत नाही, हे आता छापील पुराव्याने सिद्ध झाले होते.

"अजी, आठ खनांचं घर, पुढं छपरी कायले पायजे?" माझी पत्नी शामकला म्हणाली.

"व्याख्यानासाठी."

"व्याख्यान शाळेत होत नाही का?"

"हे तत्त्वज्ञान शाळेत होत नाही. हे छपरीतलं तत्त्वज्ञान आहे."

"मंग भैय्यालालभाऊच्या छपरीत सांगा ना. थे काय नाई म्हनून राह्यले?"

त्या दिवशी आमच्यात जे भांडण झाले ते स्टेशनापर्यंत ऐकू गेले असावे, कारण मालगाडी मध्येच थांबल्यासारखी वाटली.

पहिला मुक्काम ग्रामपंचायत. सेक्रेटरी चैतराम यांनी परवानगीचा कागद पुढे ओढला. त्यात छपरी कशासाठी, या प्रश्नापुढे गुरे, अवजारे आणि दुकान अशी तीनच उत्तरे होती. मी म्हणालो, "तत्त्वज्ञान."

चैतरामने लेखणी कानावर ठेवली. "थे कोनत्या खान्यात टाकू जी? गुरात तं बसत नाही."

"नवा खाना काढा."

"नवा खाना वरचे जनपद सभावाले काढतेत, मी नाही. मले येवढंच सांगा, थे तत्त्वज्ञान तुमी इकनार हाय का फुकट देनार?"

"फुकट."

"मंग दुकान नाही. अवजारात टाकतो." आणि त्यांनी टाकले. आजही आमगावच्या दप्तरात माझे तत्त्वज्ञान नांगर-वखराच्या रांगेत उभे आहे.

मग सल्लागार आले. छपरी बांधायची म्हटली की गावात जो माणूस स्वतःच्या घरचा खुंटा ठोकत नाही तोही येऊन उभा राहतो. कापडवाले चुन्नीलाल म्हणाले, "मास्टरजी, टीन डालो टीन. कवेलू पे बंदर आते हैं." दुसऱ्याने सांगितले की कौलेच बरी, टिनाखाली माणूस उन्हाळ्यात शिजतो. तिसऱ्याने सांगितले की दक्षिणेकडे तोंड असलेल्या छपरीत बसणारा फार दिवस बसत नाही. त्याला मी म्हणालो की स्टोइक मनुष्य मरणाला भीत नाही. त्याने शामकलाकडे पाहून विचारले, "बाई भेते का?"

खरी अडचण लाकडाची. सागाचे खांब पाहिजेत, आणि साग देवरीकडच्या सरकारी जंगलात. शेतकऱ्याला निस्तार असतो, म्हणजे घरासाठी, नांगरासाठी, बैलबंडीसाठी जंगलातून सवलतीने लाकूड मिळते. मास्तराला निस्तार नाही. मास्तर हा शेतकरी नसल्यामुळे त्याला घर पडत नसावे अशी सरकारची समजूत होती. मी अर्ज केला. उत्तर आले की अर्जदाराने शेताचा उतारा, नसल्यास निदान बैल दाखवावा. मी बैल कुठून दाखवू?

भैय्यालालकडे मागायचे नाही, असा माझा निश्चय होता. निश्चय माझ्या हातात होता. शामकला माझ्या हातात नव्हती. तिने कुंपणावरून सहज विषय काढला आणि दुसऱ्या दिवशी भैय्यालाल सुपारी कातरतच आले.

"माह्या नावानं घेऊन टाकू जी मास्तर. मले यंदा लाकूड लागत नाही."

झाले. माझ्या छपरीचे खांब भैय्यालालच्या नावाने, भैय्यालालच्या बंडीतून, भैय्यालालच्या बैलांनी ओढून आणले. प्रत्येक खांबावर जंगल खात्याच्या हातोड्याचा शिक्का. वाटेत जो तो विचारत होता, "भैय्यालालभाऊ, नवी छपरी का जी?" आणि मी बंडीच्या मागून पायी चालत, हे माझ्या हातात नाही, हे माझ्या हातात नाही, असे मनाशी घोकत होतो.

दुधराम सुताराने काम सुरू केले. मी त्याला एकच अट घातली. माझी छपरी भैय्यालालच्या छपरीपेक्षा वीतभर उंच पाहिजे.

दुधरामने दोरी लावून पाहिली. "मास्तर, पुढचे खांब येवढे उंच केले तं उतार घराकडे जाऊन राह्यला ना जी. पानी आत येते."

"पाणी येईल तेव्हा पाहू. उंची सोडणार नाही."

"होऊन जाते," दुधराम म्हणाला. हा माणूसही संध्याकाळी तिकडेच बसतो हे माझ्या तेव्हा ध्यानात आले.

छपरी झाली. खरोखर देखणी झाली. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून दोन्ही छपऱ्या एका नजरेत पाहायचो आणि ती वीत मोजायचो. आठ दिवस मी फार सुखी होतो. नवव्या दिवशी आभाळ भरून आले आणि अवकाळी पाऊस पडला. माझ्या नव्या छपरीने आकाशातले सगळे पाणी ओंजळीत धरून थेट आमच्या स्वयंपाकघरात आणून सोडले. चूल विझली, कणकेचे डबे तरंगले. शामकला पदर खोचून परातीने पाणी उपसत होती. मी उंबऱ्यावर उभा राहून धीरगंभीर आवाजात म्हणालो, "पाऊस आपल्या हातात नाही."

"उतार तं होता ना जी तुमच्या हातात!"

स्टोइक पंथावर आजवर जेवढी टीका झाली असेल तिच्यात याहून मार्मिक टीका मला माहीत नाही.

व्याख्यानाचा दिवस बाजाराचा ठरला. दुपारच्या गाडीने गोंदियाहून शाळा खात्याचे इन्स्पेक्टर साहेब यायचे होते. त्यांच्या शेऱ्यावर माझी हेडमास्तरकी अवलंबून होती, पण मला त्याची तेवढी पर्वा नव्हती. मला एकच हवे होते. गाव माझ्या छपरीत येऊन बसलेले भैय्यालालने पाहावे. एकदा पाहावे, बस्स. बारा वर्षांत मी देवाकडेही याहून जास्त काही मागितले नव्हते.

साहेब आले. चुन्नीलाल, चैतराम, दुधराम आणि बाजाराला आलेली आठ-दहा मंडळी येऊन टेकली. बाके भैय्यालालच्या छपरीतूनच आणावी लागली, ते एक असो. खुद्द भैय्यालाल खाली सारवलेल्या जमिनीवर बसले, सर्वांच्या मागे. आणि उशिरा एक खाकी कपड्यांतला माणूस येऊन शेवटच्या खांबाला टेकून बसला. मला वाटले, कीर्ती पसरते आहे.

मी सुरुवात केली. बुडालेले जहाज सांगितले, गुलाम आणि बादशहा सांगितले. रोज सकाळी उठून, आज मला कृतघ्न माणसे भेटतील, माझे नुकसान होईल, असे आधीच समजून चालावे, हा त्यांचा नेम सांगितला. "मंग उठाच कायले?" असे मागून कोणी म्हणाले, त्याकडे दुर्लक्ष केले.

चुन्नीलाल म्हणाले, "मास्टरजी, इसका आज के जमाने में फायदा क्या?"

"आजच्या जमान्यातच फायदा!" मी कडाडलो. "आज राज्य बदलणार म्हणून तुम्ही चिंतेत. भाव पडेल म्हणून चिंतेत. शेजाऱ्याचं बरं चाललंय म्हणून चिंतेत! अरे, आपलं काय आहे? हे घर आपलं? नाही. ही छपरी बघा. लोक म्हणतील ही मेंढे मास्तरांची छपरी. मी सांगतो, ही छपरी माझी नाही! हे खांब माझे नाहीत!"

"मंग कोनाची हाये?" शेवटच्या खांबापाशी आवाज झाला.

खाकी माणूस उभा राहिला होता. तो जंगल खात्याचा नाकेदार मनिराम. निस्ताराचे लाकूड ज्याचे त्याच्या घरी लागले की नाही हे पाहायला तो भैय्यालालकडे गेला होता. तिथे कोणी दिसेना, सगळे इकडे, म्हणून वाट पाहत बसला होता. आणि पाठीला टोचते काय म्हणून वळून पाहतो तो खांबावर हातोड्याचा शिक्का.

"लाकूड भैय्यालाल बिसेनच्या नावानं हाये," तो कागद पाहत म्हणाला. "निस्तार इकता येत नाही, देता येत नाही. दुसऱ्याच्या घरी लागलं तं लाकूड जप्त, आन् ज्याच्या नावानं घेतलं त्याचा निस्तार बंद. मास्तर सोता म्हनून राह्यले, छपरी त्याइची नाही. मंग सांगा, कोनाची?"

इन्स्पेक्टर साहेबांनी चष्मा काढून पुसला. मला घाम फुटला. निस्तार बंद म्हणजे पुढे भैय्यालालला नांगराला लाकूड नाही, बंडीच्या चाकाला नाही. आणि दोष सगळा माझ्या त्या वितीचा.

भैय्यालाल हळूच उठले. अडकित्ता खिशात ठेवला. "मास्तरचीच हाये जी छपरी. लाकूड म्याच देल्लं. लिवा माह्यावर. होऊन जाते."

किती सहज! आवाज चढला नाही. मी तीन महिने घोकून जे सांगत होतो ते हा माणूस सुपारीचे खांड गालात धरून करून दाखवत होता, आणि माझ्याच छपरीत, माझ्याच व्याख्यानात, साहेबांच्या समोर! सगळ्यांच्या माना माझ्यावरून त्याच्याकडे वळल्या. माझ्या छातीत असा वणवा पेटला की काय सांगू. छपरी याची गाजलेली, लोक याचे, पत्रे याच्याकडे. आता त्यागसुद्धा यानेच करायचा?

"खोटं!" मी ओरडलो. "साफ खोटं. ही छपरी भैय्यालालची आहे. मी त्यांच्या छपरीत उभा राहून बोलतो आहे. नाकेदार, लिहून घ्या!"

लोक म्हणतात मास्तरने त्या दिवशी मोठे मन दाखवले. मन कसले! मत्सराने केलेले हे माझ्या आयुष्यातले एकमेव चांगले काम.

मनिराम नाकेदाराने डोके खाजवले. "भैय्यालालची, तं कुंपनाच्या इकडे काऊन हाये?"

आमच्या दोघांच्या मध्ये बांबूच्या ताट्यांचे कुंपण होते. मग दुधराम शांतपणे म्हणाला, "कुंपन उपटता येते ना जी."

आणि माझे श्रोते, जे इतका वेळ जांभया देत होते, ते सगळे एकदम उठले. असा उत्साह मी कोणत्याही व्याख्यानात पाहिला नाही. बघता बघता ताट्या उपटल्या, आणि छपरीला वळसा घालून माझ्या भिंतीलगत पुन्हा रोवल्या. दारापुरती फट ठेवली. चैतरामने छपरीखालची जागा भैय्यालालच्या हद्दीत लिहिली, मी सही केली. नाकेदाराने नवीन कुंपण चालून पाहिले आणि म्हणाला, "आता लाकूड बराबर जागी हाये. कोन कुठं बसून बोलते, थे माह्या कागदात नाही."

इन्स्पेक्टर साहेबांनी शेरा लिहिला: "विषय कठीण. मात्र श्रोत्यांनी लगेच श्रमदान केले, हे समाधानकारक." हेडमास्तरकी पुढे दुसऱ्याला मिळाली. त्याने कंपोस्ट खत घेतले होते.

तेव्हापासून मी घराचे दार उघडतो तो पाय भैय्यालालच्या छपरीत पडतो. तिला सगळे 'भैय्यालालची नवी छपरी' म्हणतात. जुनीपेक्षा हवेशीर म्हणून बैठक आता इकडेच असते. गाव माझ्या दारात येऊन बसते, मी मागितले होते तसेच. फक्त पाहुणा मी असतो. भैय्यालालने पहिल्याच महिन्यात दुधरामला बोलावून पुढचे खांब हातभर कापायला लावले. "माही छपरी हाये, तं वहिनीच्या चुलीत पानी जाते थे मलेच पाहा लागते ना," म्हणाले. उतार बाहेर गेला. माझी वीतही गेली. पत्रांवर आता पत्ता येतो तो असा: शालीकराम मेंढे, भैय्यालालच्या नव्या छपरीच्या मागे.

त्याच वर्षी एकदा दिवेलागणीला मंडळी उठून गेली आणि भैय्यालाल एकटेच बसून होते. आत शामकलाची आणि माझी घासलेटच्या कंदिलावरून चांगली जुंपली होती. काच मी फोडली की तिने, असा मुद्दा होता. मी हरत आल्यामुळे बाहेर आलो.

"थांबले काऊन जी?" भैय्यालाल म्हणाले. "चालू द्या."

"काय चालू द्या?"

"भांडन." ते सुपारी कातरत राहिले. "तिकडच्या छपरीतून बराबर ऐकू येत नव्हतं. अर्दे शब्द येत, अर्दे नाही. इथून सारं येते." मग म्हणाले, "मानसं येऊन बसतेत माह्याकडे, बरं वाटते. पन सारे उठून आपापल्या घरी जातेत ना जी. माह्या घरात आता बोलाले कोनी नाही. तुमच्या घरून आवाज आला का मले तुमचा हेवा वाटे. पाच वर्सं झाली, वाटूनच राह्यला."

मी खाली बसलो. बारा वर्षे ज्याचा मत्सर केला तो माणूस माझा हेवा करीत होता! माझी मान ताठ झाली, छाती फुगली, आणि लगेच त्या अंधारलेल्या घराकडे नजर गेली तशी ती छाती आपोआप उतरलीही. मी आत हाक मारली, "शामकला, दोघांना चहा टाक. आणि काच तूच फोडलीस!"

आतून जे उत्तर आले ते अस्सल होते. भैय्यालालने डोळे मिटून, समाधानाने ऐकले. मी त्यांच्याकडे पाहत बसलो आणि माझा जुना मत्सर पुन्हा दारात येऊन उभा राहिला. मी हेवा केला तो बारा वर्षे घाम गाळून, झोप घालवून, स्वयंपाकघरात पूर आणून केला. आणि या माणसाने माझा हेवा केला तो पाच वर्षे, सुपारी कातरत, कोणाला कळूही न देता. हेवासुद्धा यालाच बरा जमावा!